संगणकाच्या भाषेत सामान्यांचे म्हणणे आणणाऱ्या ग्रेस हॉपर

सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यावरचे एखादे मूल घरात कोकणा बोली बोलते, शाळेत पुस्तकातली मराठी शिकते आणि संगणकासमोर बसले की त्याची गाठ इंग्रजी शब्दांशी पडते. पहिली भाषा त्याला आपोआप येते. दुसरीचे नियम कुठल्या तरी समितीने ठरवलेले असतात. तिसरीबद्दल आपल्याला कुणी विचारले होते का, हा प्रश्न सहसा कुणाच्या मनातही येत नाही. भाषा कुणी ठरवायची, वापरताना अडचण आली तर कुणाला सांगायचे आणि सांगितलेले ऐकले जाते का, हे प्रश्न फक्त बोलीभाषांचे नाहीत. संगणकाला काम सांगण्यासाठी ज्या भाषा तयार झाल्या, त्यांनाही ते सुरुवातीपासून पडलेले आहेत. या प्रश्नांसाठी ज्यांनी आयुष्यातली तीसहून अधिक वर्षे दिली, त्या गणिताच्या प्राध्यापक होत्या आणि अमेरिकी नौदलातल्या अधिकारीही होत्या. त्यांचे नाव ग्रेस हॉपर.

सात घड्याळे

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. तीन भावंडांत त्या थोरल्या. वडील विमा व्यवसायात होते, आईला गणिताची आवड होती. सात वर्षांच्या ग्रेसला गजराचे घड्याळ आतून कसे चालते हे पाहायचे होते. तिने एक घड्याळ उघडले, ते पुन्हा जोडता येईना म्हणून दुसरे उघडले, आणि असे करत घरातली सात घड्याळे तिने सुटी केली. हे लक्षात आल्यावर आईने तिला शिक्षा केली नाही. यापुढे एकच घड्याळ उघडायचे, एवढा नियम घालून दिला.

वडिलांना रक्तवाहिन्या कठीण होण्याचा विकार होता. त्यात त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. आपल्यानंतर मुलींना स्वतःच्या पायावर उभे राहता यावे म्हणून त्यांनी मुलींनाही मुलाइतकेच शिक्षण देण्याचा आग्रह धरला. व्हॅसर कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत ग्रेस लॅटिनमध्ये मागे पडल्या आणि त्यांना एक वर्ष थांबावे लागले. पुढे १९२८ मध्ये त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्रात पदवी घेतली आणि १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी मिळवली. दरम्यान १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४५ मध्ये घटस्फोट झाला, मात्र हॉपर हे आडनाव त्यांनी कायम ठेवले.

व्हॅसरमध्ये त्या १९३१ पासून गणित शिकवत होत्या. त्यांच्या वर्गात गणिताच्या विद्यार्थिनींना निबंध लिहावे लागत. आम्ही भाषेच्या नाही, गणिताच्या तासाला आलो आहोत, अशी तक्रार मुली करत. आपल्याला आलेले गणित दुसऱ्याला समजावून सांगता येत नसेल तर ते शिकून उपयोग काय, असे हॉपर यांचे म्हणणे असे. पुढे त्यांनी संगणकाच्या क्षेत्रात जे केले, त्याचे मूळ या वर्गात सापडते.

युद्ध आणि अवाढव्य यंत्र

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॉपर यांनी नौदलात जायचे ठरवले. वय ३७ च्या घरात, आणि वजन नियमापेक्षा सुमारे ७ किलो कमी. खास सवलत घेऊन डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात त्या पहिल्या आल्या. जुलै १९४४ मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली पाठवण्यात आले.

तिथे त्यांची वाट पाहत होते मार्क-१ हे गणकयंत्र. लांबी १५ मीटरहून जास्त, उंची अडीच मीटरच्या आसपास. सेकंदाला तीन बेरजा, एवढा त्याचा वेग. प्रत्येक सूचना कागदी पट्टीवर भोके पाडून द्यावी लागे. या यंत्राची माहिती देणारे ५०० हून अधिक पानांचे पुस्तक लिहिण्याचे काम एकेन यांनी हॉपर यांच्यावर सोपवले. ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. निबंध लिहायला लावणाऱ्या प्राध्यापिकेला आता एका यंत्राचे म्हणणे माणसांना समजावून सांगायचे होते.

हार्वर्डमधली एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. सप्टेंबर १९४७ मध्ये मार्क-२ या पुढच्या यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. संगणकातल्या चुकीला बग म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत तिथून पडली, असे अनेकांना वाटते. खरे तर हा शब्द अभियंत्यांमध्ये त्याआधीपासून रुळलेला होता. हॉपर यांनी ती गोष्ट रंगवून सांगितली आणि ती जगभर पोचली.

हार्वर्डमधली वर्षे सोपी नव्हती. दिवसरात्र काम, त्यात युद्धाचा ताण. पुढे हार्वर्डमध्ये कायम नोकरीची शक्यता उरली नाही. या काळात हॉपर यांना दारूची सवय लागली आणि १९४९ च्या सुमारास ती गंभीर झाली. मित्रांनी पत्र लिहून त्यांना सावध केले. त्याच वर्षी त्या फिलाडेल्फियातील एकर्ट आणि मॉकली यांच्या कंपनीत रुजू झाल्या. ही कंपनी युनिव्हॅक नावाचा संगणक तयार करत होती. नव्या कामात त्या पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांच्या नावावर असलेली जवळजवळ सगळी मोठी कामे या पडत्या काळानंतरची आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वह्यांमधल्या चुकांतून कंपायलर

हार्वर्डमध्ये प्रोग्रॅम लिहिणारे एकमेकांच्या वह्या मागून घेत. वर्गमूळ किंवा ज्या काढायची रीत कुणी आधी लिहिलेली असली तर ती आपल्या कामात उतरवून घेत. पण उतरवताना आकडे चुकत, अक्षरे आकड्यांसारखी दिसत, आणि प्रत्येक पायरीचा क्रमांक नव्या जागेप्रमाणे बदलताना बेरजेत घोटाळा होई. हॉपर यांच्या मनात साधा विचार आला. नक्कल करणे आणि बेरीज करणे ही यंत्राची कामे, मग ती माणसाने का करावीत?

असे तयार तुकडे चुंबकीय फितीवर ठेवायचे, प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा, आणि तो क्रमांक सांगितला की संगणकाने तो तुकडा शोधून योग्य जागी बसवायचा, अशी व्यवस्था त्यांनी १९५२ पर्यंत उभी केली. तिचे नाव ए-०. अशा व्यवस्थेला त्यांनी कंपायलर म्हटले. आज कंपायलर म्हणजे माणसाला समजणाऱ्या भाषेतला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. ए-० त्या मानाने खूप साधा होता, पण रस्ता तिथून सुरू झाला. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम लिहू शकत नाही, असे समजणाऱ्यांना ही कल्पना पटायला वेळ लागला.

पुढच्या वर्षी ए-२ ही सुधारलेली आवृत्ती आली. ती युनिव्हॅकच्या गिऱ्हाइकांना देताना तिच्या आतला सगळा प्रोग्रॅमही सोबत दिला गेला. वापरून पाहा, सुधारणा कराव्याशा वाटल्या तर करा आणि त्या आम्हालाही पाठवा, असे आमंत्रण होते. आज ज्याला मुक्त स्रोत म्हणतात, त्याचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण मानले जाते. वस्तू तयार करणारा आणि ती वापरणारा यांच्यात मत कळवण्याचा रस्ता त्यामुळे खुला झाला. आपल्या चार भिंतींत न दिसलेल्या चुका बाहेरच्यांना दिसतात, हा अनुभव हॉपर यांनी पुढे कायम जवळ ठेवला.

इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, जर्मनमध्ये

गणितज्ञांना चिन्हे आवडतात. मात्र पगारपत्रक, मालाची नोंद, बिले अशी कामे करणाऱ्या मंडळींना चिन्हांची धास्ती वाटते, हे हॉपर यांनी गिऱ्हाइकांशी बोलताना पाहिले. अशा लोकांना गणिताची भाषा शिकवत बसण्यापेक्षा संगणकालाच त्यांच्या नेहमीच्या शब्दांतून सूचना समजाव्यात, असे त्यांना वाटले.

१९५५ च्या सुरुवातीला त्यांनी कंपनीपुढे प्रस्ताव ठेवला. सोबत एक छोटा प्रोग्रॅम जोडला होता. तो आधी इंग्रजी शब्दांत चालवून दाखवला, मग त्यातले शब्द बदलून फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्ये. संगणकाच्या दृष्टीने शब्द म्हणजे नुसत्या खुणा. कुठल्या खुणेला कुठले काम हे एकदा ठरवले की भाषा कोणतीही चालते. हॉपर यांना एवढेच दाखवायचे होते. पण अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन समजते, हे पाहून वरिष्ठ अधिकारी बिथरले. शेवटी फक्त इंग्रजीत काम करू, असे आश्वासन द्यावे लागले. संगणकाशी बोलताना इंग्रजीच का, याचे उत्तर त्यामुळे तंत्रज्ञानात शोधून भागत नाही. कुणाच्या सोयीचा विचार झाला आणि कुणाच्या नाही, यातही ते दडलेले आहे.

या प्रयत्नातून फ्लो-मॅटिक ही भाषा आकाराला आली. व्यवसायाच्या कामासाठी इंग्रजीसारखे शब्द वापरणारी ती पहिली भाषा. मात्र ती युनिव्हॅकपुरतीच होती. आयबीएमसारख्या इतर कंपन्यांचे संगणक वेगळे, त्यांच्या भाषा वेगळ्या. एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. यंत्र बदलले की वर्षांची मेहनत वाया जाई.

एका टेबलाभोवती

या अडचणीवर पहिला आवाज उठवला तो बरोज कंपनीतल्या मेरी हॉज यांनी. सगळ्यांची मिळून एक भाषा हवी, असे त्यांनी सुचवले. ८ एप्रिल १९५९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एक छोटी बैठक झाली. हॉपर तिला हजर होत्या. सरकारी पातळीवरचा पाठिंबा हवा म्हणून संरक्षण खात्याकडे जायचे ठरले. त्या खात्याकडे तेव्हा २२५ संगणक होते आणि आणखी १७५ ची मागणी नोंदवलेली होती. प्रोग्रॅमवरचा खर्च २० कोटी डॉलरच्या वर गेला होता. खाते लगेच तयार झाले. २८ आणि २९ मे १९५९ रोजी पेंटागॉनमध्ये मोठी बैठक भरली. एकमेकांचे स्पर्धक असलेले उत्पादक आणि संगणक वापरणारी खाती व कंपन्या तिथे एकत्र आल्या.

प्रत्यक्ष भाषा लिहिण्याचे काम एका समितीकडे गेले. तिच्यात सहा उत्पादक आणि तीन सरकारी विभाग होते. मतभेद भरपूर झाले. काहींना सगळे शब्दांत हवे होते, काहींना बेरीज-वजाबाकी सूत्रात लिहायची मुभा हवी होती. प्रत्येक कंपनीला आपल्या भाषेची छाप हवी होती. काम रेंगाळलेले पाहून समितीतल्या एकाने चक्क एक संगमरवरी थडग्याचा दगड विकत घेतला, त्यावर नव्या भाषेचे नाव कोरले आणि संरक्षण खात्यातल्या प्रमुखाला पाठवून दिला. तरीही १९६० मध्ये भाषा तयार झाली. तिचे नाव कोबोल.

हॉपर यांना अनेकदा कोबोलची जननी म्हटले जाते. ते पुरते खरे नाही. त्या वरच्या मंडळाच्या तांत्रिक सल्लागार होत्या. भाषेचा तपशील लिहिण्यात जीन सॅमेट आणि इतरांचा हात होता, आणि सॅमेट यांना ही उपाधी खटकत असे. पण कोबोलचा मोठा पाया फ्लो-मॅटिकचा होता, आणि फ्लो-मॅटिकच्या मागे वापरणाऱ्यांचे ऐकण्याची हॉपर यांची सवय होती.

डिसेंबर १९६० मध्ये एकच प्रोग्रॅम, किरकोळ बदल करून, आरसीए आणि युनिव्हॅक या दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आला. कल्पना खरी ठरली. भाषा प्रसिद्ध झाल्यावर समिती मोकळी झाली, पण काम संपले नाही. वापरणाऱ्यांच्या आणि उत्पादकांच्या शंकांना उत्तरे देण्यासाठी, सुधारणा करण्यासाठी वेगळी देखभाल समिती नेमली गेली. भाषेलाही देखभाल लागते, ही समज तेव्हा नवी होती.

मानक पाळते कोण?

कागदावर भाषा एक होती. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीचा कोबोल थोडा निराळा निघू लागला. कुणी जादा सोय घाली, कुणी अवघड भाग गाळी. नाव एक आणि वळण वेगळे, अशी स्थिती झाली. तोवर हॉपर १९६६ च्या अखेरीस नौदलाच्या राखीव दलातून वयामुळे निवृत्त झाल्या होत्या. नौदलाच्या पगाराच्या आणि इतर कामांतला हा गोंधळ वाढला, तेव्हा ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावण्यात आले. ते सहा महिने जवळजवळ १९ वर्षे चालले.

त्यांच्या गटाने चाचणीचे प्रोग्रॅम तयार केले. उत्पादकाने आपला कंपायलर कोबोलचा आहे असे सांगितले की या चाचण्या त्यावर चालवायच्या. नियमाप्रमाणे उत्तर आले नाही की चूक कुठे आहे ते नेमके दिसे. कोबोलचे अमेरिकी राष्ट्रीय मानक १९६८ मध्ये आले. त्यानंतर सरकारी खरेदीआधी कंपायलरची अशी तपासणी करण्याची पद्धत रुजली. मानक लिहिताना लोकांचे ऐकणे जितके गरजेचे, तितकेच ते लिहिल्यावर खरोखर पाळले जाते का हे पाहणेही गरजेचे. नाहीतर वापरणाऱ्याच्या हातात फक्त नाव राहते.

२,२०० पत्रे

लोकांच्या अभिप्रायात किती ताकद असते, हे कोबोलच्या पुढच्या आवृत्तीच्या वेळी दिसले. मानक ठरवण्याची रीत अशी असते. समिती मसुदा बनवते. तो ठरावीक मुदतीसाठी जाहीर केला जातो. कुणीही हरकत किंवा सूचना लेखी पाठवू शकतो. समितीला त्यांचा विचार करावा लागतो आणि मगच अंतिम रूप ठरते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या मसुद्यात काही जुन्या सोयी बदलण्याचे घाटत होते. तज्ज्ञांच्या दृष्टीने बदल चांगले होते. पण विमा कंपन्या, बँका, सरकारी खाती यांचे लाखो ओळींचे प्रोग्रॅम त्यामुळे पुन्हा लिहावे लागणार होते. एका मोठ्या विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने हा खर्च इतरांच्या लक्षात आणून दिला. समितीकडे २,२०० हून अधिक पत्रे आली आणि त्यांतली बहुतेक विरोधाची होती. समितीला मसुद्यात बदल करावे लागले. मानक लांबले आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले.

याची दुसरी बाजूही आहे. सगळ्यांचे ऐकायचे म्हटले की वेळ लागतो, चांगल्या सुधारणा अडकून पडतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचेच ऐकले जाण्याचा धोका राहतो. ऐकणाऱ्याची दमछाक होते ती वेगळीच. पायथन या आजच्या लोकप्रिय भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी २०१८ मध्ये एका छोट्या चिन्हावरून झालेल्या कडवट वादानंतर अंतिम निर्णय देण्याचे पद सोडले. तरीही पायथनमध्ये बदल करायचा तर आजही आधी प्रस्ताव लिहून तो खुल्या चर्चेला ठेवावा लागतो. दमवणारा असला तरी याहून बरा मार्ग अजून सापडलेला नाही.

अखेरची वर्षे आणि मागे राहिलेले काम

नौदलातल्या या वर्षांत हॉपर गावोगावी व्याख्याने देत. सोबत जवळपास ३० सेंटीमीटर लांबीच्या तारेचे तुकडे असत. वीज एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, जास्तीत जास्त एवढे अंतर कापते, हे त्या तार हातात देऊन दाखवत. त्यांच्या कचेरीतले घड्याळ उलटे फिरे. आजवर असेच चालत आले आहे, एवढ्या कारणासाठी एखादी गोष्ट तशीच करत राहण्याला त्यांचा विरोध होता आणि ते घड्याळ त्याची आठवण होती.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनमध्ये नौदलाच्या कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर समारंभ होऊन रिअर ॲडमिरल हॉपर निवृत्त झाल्या. तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या आणि सेवेत असलेल्या अमेरिकी नौदल अधिकाऱ्यांत सर्वांत वयस्क होत्या. त्यानंतरही एका संगणक कंपनीच्या सल्लागार म्हणून त्या काम करत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षांचा स्वातंत्र्य पदक हा सन्मान देण्यात आला.

त्यांच्या काळातली भाषा मात्र चालतच राहिली. वर्ष दोन आकड्यांत लिहिण्याच्या जुन्या सवयीमुळे २००० साल उजाडताना जगभरचे प्रोग्रॅम अडखळतील अशी भीती होती. ते दुरुस्त करण्यासाठी भारतातल्या हजारो तरुणांनी कोबोल शिकला. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी मराठी घरांत परदेशी नोकरीचा पहिला योग या जुन्या भाषेमुळे आला. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला. तिथली यंत्रणा जुन्या कोबोलवर होती. राज्यपालांना कोबोल जाणणाऱ्यांना मदतीचे आवाहन करावे लागले. साठ वर्षांपूर्वी ठरलेल्या भाषेवर लोकांच्या घरची चूल अवलंबून होती.

आपल्या लिपीचीही गोष्ट फार वेगळी नाही. ॲप, ॲम्ब्युलन्स असे शब्द लिहिताना लागणाऱ्या ‘ॲ’ या मराठी अक्षराला युनिकोड या जागतिक मानकात स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. तोपर्यंत ‘अ’ वर चंद्र जोडून काम भागवावे लागे. युनिकोडमध्ये अक्षर हवे असेल तर प्रस्ताव कुणीही मांडू शकतो. पुरावे द्यावे लागतात, चर्चा होते, मग निर्णय होतो. सुरगाण्याच्या कोकणा बोलीतले शब्द उद्या फोनच्या कळफलकावर, शब्दकोशात, आवाज ओळखणाऱ्या यंत्रात यायचे असतील तर त्यांचे लेखन कसे असावे हे ती बोलणाऱ्यांनीच सांगायला हवे. मागितल्याशिवाय जागा मिळत नाही आणि मागणाऱ्याचे ऐकणारा कुणीतरी समितीत बसलेला असावा लागतो.

कोबोलच्या आंतरराष्ट्रीय मानकाची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये आली. पहिल्या बैठकीनंतर ६४ वर्षांनीही त्या भाषेतल्या दुरुस्त्या अजून संपलेल्या नाहीत.